आवृत्ती, पाठभेद आणि चित्रफीत : ‘यंग तरंग’च्या पुनर्दर्शनाची इतिहासमीमांसा

१.

बंगळूरच्या शिवाजीनगर या वस्तीचे नाव मराठी वाचकाला जवळचे वाटते. तिची घडण मात्र बहुभाषिक आहे. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून आपली छावणी बंगळुरास हलविली. छावणीच्या आश्रयाने वाढलेला बाजार आधी ब्लॅकपल्ली आणि पुढे शिवाजीनगर म्हणून ओळखला गेला. सैन्याच्या मागोमाग आलेले तमिळभाषक, दखनी उर्दू बोलणारे कारागीर व व्यापारी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे, इंग्रजी ही घरची भाषा असलेले अँग्लो-इंडियन अशा अनेक समूहांनी ही वस्ती भरली. सेंट मेरीचे चर्च, मशिदी आणि १९२७ मध्ये उभारलेले रसेल मार्केट येथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९४९ मध्ये छावणी आणि जुने शहर एका महापालिकेखाली आले. तोवर जवळजवळ दीड शतक या दोन बंगळुरांचे कारभार वेगळे होते आणि त्यांच्या कानांवर पडणारे संगीतही पुष्कळ अंशी वेगळे होते. चर्चमधील समूहगान, लष्करी बँड आणि क्लबातील नृत्यसंगीत यांनी छावणीचा कान घडविला होता.

याच शहरात १९४५ मध्ये जन्मलेल्या, कोडवा समाजातील बिद्दू अप्पय्या या तरुणाने साठच्या दशकात ‘ट्रोजन्स’ या वाद्यवृंदातून इंग्रजी गाणी गायिली, आणि दशक संपण्यापूर्वीच त्याने लंडन गाठले. कार्ल डग्लसच्या ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता म्हणून त्याचे नाव जगभर झाले. १९८० च्या ‘कुर्बानी’ या हिंदी चित्रपटासाठी त्याने ‘आप जैसा कोई’ हे एकच गाणे रचले. ते गाणारी नाझिया हसन (१९६५–२०००) कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी आणि तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. धाकटा भाऊ झोहेब याच्यासह तिची जी द्वयी झाली, तिचे ‘डिस्को दीवाने’ (१९८१), ‘स्टार’ (१९८२) आणि ‘यंग तरंग’ (१९८४) हे संग्रह बिद्दूच्याच संगीतात आले.

प्रस्तुत निबंधाचा विषय या तीन संग्रहांपैकी शेवटचा, आणि त्यातही त्याची दृश्यबाजू हा आहे. ‘आँखें मिलाने वाले’, ‘दम दम दे दे’ आदी गाण्यांच्या चित्रफिती लंडनमध्ये डेव्हिड आणि कॅथी रोझ यांनी तयार केल्या. चित्रपटाच्या कथानकाशी संबंध नसलेले, केवळ गाण्यासाठी चित्रित झालेले गाणे ही कल्पना दक्षिण आशियात तेव्हा नवी होती. या चित्रफिती घरात पुनःपुन्हा पाहिल्या गेल्या आणि आजही पाहिल्या जातात. त्या पाहण्याला साहित्याभ्यासातील ‘आवृत्ती’ आणि ‘पाठभेद’ या संकल्पना लागू करता येतात काय, हा येथील प्रश्न आहे.

२.

पाश्चात्त्य जगात गाण्याच्या चित्रफितीचा प्रसार प्रामुख्याने दूरचित्रवाणीने केला. बीटल्स या गटाने १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांच्या फिती मायकेल लिंडसे-हॉग यांच्याकडून करून घेतल्या, त्या प्रत्येक कार्यक्रमाला जातीने हजर राहण्याऐवजी फीत पाठविता यावी म्हणून. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि अशा फितींना अहोरात्र चालणारे व्यासपीठ लाभले.

भारतातील क्रम निराळा आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पण वाहिनी बहुतेक प्रेक्षकांसाठी एकच होती. संगीताला वाहिलेली वाहिनी येथे पोचण्यास १९९१ उजाडावे लागले. मधल्या काळात एखादे गाणे आपल्या इच्छेनुसार पुन्हा पाहावयाचे असेल, तर व्हिडिओ कॅसेट हाच मार्ग होता. व्हीसीआर ज्यांच्या घरी नव्हता ते तो दिवसाच्या भाड्याने आणीत, आणि शेजारीपाजारी मिळून पाहत. म्हणजे आपल्याकडे गाण्याची चित्रफीत ही प्रक्षेपणाच्या वेळेला बांधलेली घटना होण्याआधीच हाताळता येणारी, उसनी देता येणारी, मागे नेऊन पुन्हा पाहता येणारी वस्तू झाली. तिचे नाते रेडिओपेक्षा ग्रंथाशी अधिक जवळचे आहे.

हे नाते केवळ रूपकापुरते नाही. मुंबईतील ‘शेमारू’ ही संस्था १९६२ मध्ये पुस्तके फिरती देणारे वाचनालय म्हणून सुरू झाली, आणि १९७९ मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यास प्रारंभ केला. अनामत रक्कम, नोंदवही, परतीची तारीख आणि उशिराचा दंड ही वाचनालयाची रीतच या नव्या व्यवसायाला उपयोगी पडली. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाच्या इतिहासात फिरत्या वाचनालयांना जे स्थान आहे, तेच पाहण्याच्या इतिहासात व्हिडिओ लायब्ररीला द्यावे लागेल.

३.

ग्रंथाशी नाते मान्य केले की ग्रंथाचे प्रश्नही मान्य करावे लागतात. त्यांतील पहिला प्रश्न प्रतींचा. व्हीएचएस फितीची नक्कल काढताना प्रत्येक वेळी चित्राची रेखीवता घटते, रंग पसरतात, ध्वनीतील खरखर वाढते. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी परंपरा चालली की तिसऱ्या प्रतीत आधीच्या दोहोंचे दोष जमा होतात. हस्तलिखितांच्या वंशवृक्षाचा विचार करणाऱ्या संपादकाला ही प्रक्रिया परिचित वाटेल. लेखनिकाच्या चुका जशा प्रतींचे कुळ सांगतात, तशा फितीवरील खुणाही सांगतात.

दुसरा प्रश्न पाठभेदांचा. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित झालेली फिल्म भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या फितीवर उतरविताना बहुधा सेकंदाला २५ चौकटींनी चालविली जाते. त्यामुळे ती सुमारे चार टक्के वेगाने धावते आणि दुरुस्ती न केल्यास गाण्याची पट्टीही अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. चित्रफीत कोणत्या पद्धतीच्या प्रतीवरून आली यावर गायिकेचा ऐकू येणारा आवाज अवलंबून राहतो. पुढे व्हीसीडीने चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंत कोंबले; महाजालावर चढविलेल्या प्रतींत कडा कापल्या गेल्या किंवा चित्र रुंद पडद्यासाठी ताणले गेले. आज या गाण्यांकडे वळणारा प्रेक्षक यांपैकी कोणती तरी एक प्रत पाहतो, आणि तिलाच मूळ कृती समजतो.

तिसरा प्रश्न प्रक्षेपांचा. ऐंशीच्या दशकातील भारतीय कॅसेटवर चित्राच्या तळाशी साड्यांच्या, प्रेशर कुकरच्या, दुकानांच्या जाहिराती सरकत जात. प्रेक्षक त्यांवर वैतागत असे. संशोधकाला मात्र त्या पट्ट्या मौल्यवान आहेत, कारण प्रत कोठे व केव्हा तयार झाली आणि कोणाच्या हाती जाणार होती याचा पुरावा त्यांतच राहिला आहे. प्रक्षेप म्हणून वगळलेला श्लोक ज्याप्रमाणे त्याच्या काळाची साक्ष देतो, त्यातलाच हा प्रकार होय.

येथे एका कायद्याची नोंद उचित ठरेल. ‘यंग तरंग’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाला त्याच १९८४ साली भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन ५२-अ हे कलम आले. व्हिडिओ फिल्म कोणी तयार केली, तिचे हक्क कोणाकडे आहेत, त्यांची नावे व पत्ते काय, हे पडद्यावर आणि कॅसेटच्या वेष्टणावर दाखविणे त्याने बंधनकारक केले. कायद्याचा हेतू चोरट्या नकलांना आळा घालण्याचा होता. ग्रंथशास्त्राच्या दृष्टीने पाहता, पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखनिक, स्थळ आणि काल यांचा जो उल्लेख असतो, त्याचीच सक्ती या कलमाने फितीवर केली. चोरट्या प्रतींवर अर्थातच ही पुष्पिका नसे, आणि त्यामुळे लोकांनी प्रत्यक्षात जे पाहिले त्याचा मोठा भाग निनावी राहिला.

४.

अशा सामग्रीचे संपादन होऊ शकते, हे बीटल्सच्या उदाहरणावरून दिसते. १९६७ मध्ये ‘हॅलो, गुडबाय’ या गाण्याच्या तीन फिती तयार झाल्या. ओठ हलवून गाण्याचा आभास निर्माण करण्यावर वादक संघटनेची बंदी असल्याने बीबीसीने त्या दाखविल्या नाहीत. कित्येक वर्षे अशा फिती तुकड्यातुकड्यांनी व निकृष्ट नकलांतून फिरत राहिल्या. २०१५ मध्ये त्या गटाच्या ५० फिती एकत्र, मूळ फिल्मवरून स्वच्छ करून, घरगुती वापराच्या डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्यांवर प्रसिद्ध करण्यात आल्या. काही गाण्यांची पर्यायी दृश्यरूपेही त्यांत दिली गेली. व्यापारी हेतूने केलेली असली तरी ही चिकित्सक आवृत्तीच्या दिशेने जाणारी गोष्ट आहे: प्रतींचा शोध, त्यांची तुलना, उत्तम प्रतीची निवड आणि पाठभेदांची नोंद.

‘यंग तरंग’ला असा संपादक लाभलेला नाही. याचे कारण गाण्यांच्या दर्जात शोधण्यापेक्षा कृतीच्या ठिकाणात शोधावे. संगीतकार बंगळूरचा, गायक कराचीचे, ध्वनिमुद्रण व चित्रण लंडनचे, प्रकाशक सीबीएस या अमेरिकी कंपनीची भारतीय शाखा, भाषा हिंदी म्हणावी की उर्दू हे ऐकणाऱ्यावर अवलंबून. राष्ट्रीय वाङ्मयेतिहास ज्या चौकटीत रचले जातात, त्यांतील एकीतही ही कृती पुरती बसत नाही. भारतीय पॉप संगीताच्या इतिहासात ती १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’ची पूर्वपीठिका म्हणून येते, तो संग्रहही बिद्दूचाच, गायिका अलिशा चिनॉय, आणि त्याच्या गाजलेल्या चित्रफितीत मराठी प्रेक्षकाला परिचित असलेला मिलिंद सोमण होता. पाकिस्तानी पॉपच्या इतिहासात हीच कृती १९८९ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या आधीचा टप्पा म्हणून येते. दोन्हीकडे ती कशाची तरी प्रस्तावना ठरते. स्वतंत्र संहिता म्हणून तिच्याकडे पाहिले जात नाही.

या प्रश्नाला आज व्यवहारातही धार आली आहे. ८ मे २०२५ रोजी भारत सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव पाकिस्तानात उगम असलेले चित्रपट, गाणी व अन्य सामग्री महाजालावरील मंचांवरून काढण्याची सूचना दिली. धोरणाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण ‘उगम’ हा शब्द अशा कृतीला लावू जाता त्याचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न तौलनिक साहित्याचा आहे. गायिकेचे जन्मस्थान, रचनाकाराचे शहर, ध्वनिमुद्रणाची जागा, प्रकाशकाची नोंदणी आणि शब्दांची भाषा यांपैकी एकाला उगम मानले की उरलेले चार पुसले जातात. केवळ दूरच्या मंचावर असलेली प्रत अशा निर्णयाबरोबर येते आणि जाते. घरातील कपाटात असलेली कॅसेट, कितीही झिजलेली असली, तरी राहते. म्हणूनच घरगुती फितीचे मोल केवळ स्मरणरंजनापुरते नाही.

५.

ही गाणी हलकीफुलकी आहेत, त्यांना पाठचिकित्सेचा आटोप कशाला, असा आक्षेप संभवतो. मराठीत या आक्षेपाला जुने उत्तर आहे. गोंधळ्यांच्या तोंडी असलेल्या पोवाड्यांकडे शिष्ट वाङ्मयविचार फारसे लक्ष देत नव्हता, तेव्हा अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते जमवून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. आज मराठी शाहिरीचा इतिहास त्या संग्रहावाचून लिहिता येत नाही. कृतीची योग्यता ठरविणे हे नंतरच्या पिढ्यांचे काम असते. पाठ शिल्लक ठेवणे हे त्या त्या पिढीलाच करावे लागते.

भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने शिकविलेला विवेकही येथे उपयोगी आहे. त्या संपादकांनी व्यासांची मूळ संहिता हाती आल्याचा दावा केला नाही. उपलब्ध प्रतींवरून जितके मागे जाता येईल तितके गेले, आणि वगळलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत जपला. ‘यंग तरंग’च्या फितींबाबत हेच करणे शक्य आहे. व्यक्तिगत संग्रहांतील कॅसेटींची सूची करावी, वेष्टणावरील मजकूर उतरून घ्यावा, गती आणि पट्टी मोजावी, सरकत्या जाहिराती काळासह नोंदवाव्यात. चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित आहे आणि त्या चालविणारी यंत्रेही आता बनत नाहीत. जपानमधील शेवटच्या उत्पादकाने व्हीसीआरची निर्मिती २०१६ मध्ये थांबविली. या कामाला फार सवड उरलेली नाही.

पुनर्दर्शनाने कृतीचा अर्थही बदलतो. १९८४ च्या प्रेक्षकाने या फितींत परदेशी झगमगाट, आधुनिक वेष आणि मोकळी देहबोली पाहिली. नाझिया हसन १३ ऑगस्ट २००० रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी लंडनमध्ये कर्करोगाने निवर्तली. त्यानंतरच्या प्रेक्षकाला तेच दृश्य शोकगीतासारखे भासते. नाचरी लय तीच, पण पडद्यावरील चेहऱ्याला पुढे वय नाही हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. संहिता तीच राहून अभिग्रहण कसे पालटते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळते.

बंगळुराने अशी बहुभाषिक निर्मिती पूर्वीही पाहिली आहे. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर येथे होती, आणि त्यांच्या दरबाराशी निगडित जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांतील रचना एकत्र नांदतात. तोही ग्रंथ कोणा एका भाषेच्या इतिहासात सहज बसणारा नव्हता. १९२२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, म्हणून त्या दरबाराची भाषिक श्रीमंती आज अभ्यासता येते. विसाव्या शतकातील छावणीच्या शहराने जगाला दिलेल्या संमिश्र गीतांना असा संपादक मिळणे अद्याप बाकी आहे.