संयोजी ऊती
शरीरातील इतर ऊतींना जोडणारी व आधार देणारी ऊती. हिच्यात पेशी विरळ असतात; खरे बळ त्यांच्याभोवतीच्या आधारकात आणि तंतूंत असते. हा आधारक रक्तात द्रव, कास्थीत लवचीक, तर हाडात कॅल्शियम फॉस्फेटमुळे कठीण असतो.

तंतुजनक पेशी कोलॅजेन बनवतात, महाभक्षी पेशी जंतू गिळतात, मेदपेशी ऊर्जा साठवतात. टाचेच्या वर चिमटीत सापडणारा जाड पट्टा म्हणजे अकिलीज स्नायुरज्जू. तो पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडतो. अस्थिबंध हाडाला हाड बांधतात.

कोलॅजेनची वीण पक्की होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने दर्यावरच्या खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्यांतून रक्त येई, भरलेल्या जखमाही उकलत. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी जहाजावरच्या अशा दोन रुग्णांना संत्री-लिंबे दिली आणि ते झपाट्याने सुधारले.