सुकाण्याची सही

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरात एक चमत्कारिक शब्दभेद पाळला जाई. खाडीतले वाळूचे दांडे, भरती-ओहोटीच्या वेळा, किल्ल्यांच्या तोफांखालून जाणारी वाट हे सगळे तोंडपाठ असलेला माणूस गोरा असेल तर तो ‘पायलट’, आणि गुलाम असेल तर नुसता सुकाणी. काम तेच, हुद्दा मात्र कातडी पाहून. रॉबर्ट स्मॉल्स हे असे सुकाणी होते. दक्षिणेच्या फुटीर सैन्याने भाड्याने घेतलेल्या ‘प्लँटर’ या आगबोटीवर ते राबत आणि मजुरीचा बहुतेक पैसा मालकाकडे जाई. १३ मे १८६२च्या पहाटे बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले होते. २३ वर्षांच्या स्मॉल्स यांनी सोबत्यांसह बोट सोडली आणि दुसऱ्या धक्क्यावर दडलेल्या बायकामुलांना उचलले. मग कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून, त्याच्याच ढबीत उभे राहून, त्यांनी फोर्ट सम्टरसमोर ठरलेली शिट्टी दिली. पहारेकऱ्यांनी वाट दिली. तोफांचा टप्पा ओलांडल्यावर पांढरी चादर वर चढली आणि १६ माणसे, बोटीवरच्या तोफा आणि शत्रूच्या खुणांची वही उत्तरेच्या नौदलाच्या हाती आली. स्मॉल्स आजही ओळखले जातात ते या एका पहाटेसाठी. माझे म्हणणे असे, की ही पहाट त्यांच्या चरित्राची नुसती प्रस्तावना आहे. खरा ग्रंथ पुढच्या ३३ वर्षांचा आहे, आणि तो समुद्रावर नव्हे तर कागदावर घडला: ठराव, दस्त, निकाल आणि शेवटी एक न केलेली सही.

कागदाचे मोल त्यांना शिकवले ते त्यांच्याच बाजूने लढणाऱ्या सरकारने. नौदलाने ‘प्लँटर’ची किंमत सुमारे ९ हजार डॉलर धरली, ती नंतर फारच कमी ठरली, आणि तिच्यातले १,५०० डॉलर स्मॉल्स यांना मिळाले. एप्रिल १८६३मध्ये चार्ल्स्टनवरच्या हल्ल्यात ते ‘कीओकक’ या चिलखती जहाजाचे पायलट होते. त्याला ९०हून अधिक गोळे लागले आणि दुसऱ्या सकाळी ते बुडाले. त्या डिसेंबरात ‘प्लँटर’वर मारा सुरू होताच गोरा कप्तान कोळशाच्या कोठीत दडला, तेव्हा स्मॉल्स यांनी बोट बाहेर काढली आणि ते तिचे कप्तान झाले. आता हुद्दा मिळाला असे वाटावे, पण रीतसर सनद कुणी दिलीच नव्हती. पुढे नौदलाच्या निवृत्त अधिकाऱ्यांत त्यांचे नाव घालण्याचा प्रयत्न झाला तो याच अडचणीत रुतला, आणि बोटीच्या मोबदल्याची आणखी ५ हजार डॉलरची भरपाई मंजूर व्हायला १९०० साल उजाडले. ज्याला नावेवर कुणी आव्हान देऊ शकले नाही, त्याला दप्तरात दाखवायला नाव नव्हते. अशा माणसाने पुढे कायदेमंडळात जाऊन बसावे यात मला योगायोग दिसत नाही.

दुसरा कागद घराचा. ब्यूफर्ट गावातल्या प्रिन्स स्ट्रीटवरच्या ज्या घरामागच्या खोलीत ते गुलाम म्हणून जन्मले, तेच घर त्यांनी युद्धात थकीत कराच्या लिलावात विकत घेतले. जुन्या मालकांकडून हक्क घेतलेल्याने त्या मालकीला न्यायालयात आव्हान दिले. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८७८मध्ये निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. जुन्या मालकीणबाई म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन त्या घरी आल्या आणि स्मॉल्स यांनी त्यांना ठेवून घेतले, ही घरगुती आठवणींतून आलेली कथा लोक आवडीने सांगतात. क्षमेची गोष्ट ऐकायला नेहमीच गोड असते. पण ब्यूफर्टच्या इतिहासात वजन आहे ते त्या खटल्याला. तशाच लिलावांत जमिनी घेतलेल्या मुक्त गुलामांच्या मालकीलाही त्या निकालाने टेकू दिला.

आणि तिसरा, सर्वांत मोठा कागद शाळेचा. दक्षिण कॅरोलायनात १८३४च्या कायद्याने गुलामाला वाचायला शिकवणे गुन्हा होता. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद, कृष्णवर्णीय असेल तर फटके. स्मॉल्स स्वतः अक्षरे शिकले ते पंचविशीच्या आसपास, १८६४मध्ये बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियात असताना. त्याच शहरात ट्रामच्या कंडक्टरने त्यांना जागेवरून उठवले आणि ते पायी चालते झाले. त्या प्रकाराचा गवगवा झाला आणि १८६७मध्ये पेन्सिल्व्हेनियाने ट्रामगाड्यांतला रंगभेद कायद्याने बंद केला. दक्षिण कॅरोलायनाच्या १८६८च्या घटना परिषदेत बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. तिथे स्मॉल्स यांनी ठराव मांडला, की सर्व वर्गांच्या मुलांसाठी विनाशुल्क सार्वजनिक शाळा असाव्यात आणि हजेरी सक्तीची असावी. त्या घटनेत सर्वांना खुल्या शाळांची तरतूद आली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या वर्षी स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये बसत होते, म्हणजे मुक्ती मिळालेला माणूस पुढचे काम स्वतःच करू लागला होता. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२मध्ये फुल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तिच्या १४ वर्षे आधीचा स्मॉल्स यांचा ठराव आहे.

सैनिक आणि लोकप्रतिनिधी या दोन भूमिका एकत्र पाहायच्या तर १८७६चा उन्हाळा घ्यावा. जुलैत हॅम्बर्ग गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हाती लागलेल्या कृष्णवर्णीय मिलिशियाच्या माणसांना एकेक करून गोळ्या घातल्या. काही आठवड्यांत कॉम्बाही नदीकाठच्या भातखाचरांत कापणीच्या मजुरांनी संप केला. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते: मजुरी रोख नव्हे तर चिठ्ठ्यांनी मिळे, आणि त्या चिठ्ठ्या मळेवाल्याच्याच दुकानात चालत. गव्हर्नरने तिथे स्मॉल्स यांना पाठवले. ते तेव्हा राज्याच्या मिलिशियाचे मेजर जनरल होते आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये खासदारही. एका बाजूला बंदूकधारी गोरे घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला संतापलेले मजूर, आणि मध्ये हा एक जनरल, ज्याची सारी शक्ती लोकांच्या विश्वासात होती. त्यांनी मजुरांना समजावले आणि रक्त सांडले नाही. बोट पळवण्यापेक्षा हे कमी धाडसाचे होते असे मला वाटत नाही. फक्त त्यात टोपी आणि शिट्टी नाही, म्हणून ते गोष्टींच्या पुस्तकांत येत नाही.

यावर जुना आक्षेप तयार असतो: त्या काळातले राज्याचे विधिमंडळ भ्रष्ट होते आणि स्मॉल्स यांनाच लाचखोरीत शिक्षा झाली होती. शिक्षा झाली हे खरे. राज्य सिनेटच्या छपाई समितीचे अध्यक्ष असताना ५ हजार डॉलर घेतल्याबद्दल १८७७मध्ये त्यांना तीन वर्षे सक्तमजुरी सुनावली गेली. पण खटल्याची कुंडली पाहावी. त्याच साली गोऱ्या वर्चस्वाची बाजू मांडणारे डेमोक्रॅट सत्तेत बसले होते. मुख्य साक्षीदार सिनेटचा कारकून होता, आणि त्याने स्वतः घोटाळ्यात हात धुऊन घेतल्याची कबुली दिली होती. १८७९मध्ये गव्हर्नरने स्मॉल्स यांना माफी दिली, आणि निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल डेमोक्रॅटांवर चाललेले केंद्राचे खटले त्याच सौद्यात मागे पडले. ज्या न्यायाची अशी अदलाबदल होते, त्याच्या निकालावर चारित्र्य तोलू नये. तरी मी त्यांना धुतल्या तांदळासारखे म्हणणार नाही. त्या विधिमंडळात छपाईवर पैसा उधळला गेला हे नाकारता येत नाही, आणि स्मॉल्स पक्षयंत्रणेचे पक्के मुरलेले पुढारी होते. पण छपाईची बिले वाढवणारे विधिमंडळ आणि गरिबांच्या मुलांना शाळा देणारे विधिमंडळ एकच होते, आणि ‘भ्रष्ट’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांना त्यातली शाळाच जास्त खुपत होती, असे त्यांच्या पुढच्या कारभारावरून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हे सारे वाहूनच गेले, मग मिळवले काय? १८९५मध्ये गोऱ्या वर्चस्वाचे पुढारी बेन टिलमन यांनी नवी घटना परिषद भरवली. हेतू उघड होता, कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे. १६० प्रतिनिधींत कृष्णवर्णीय होते सहा, त्यांतले पाच ब्यूफर्टचे. मतदाराला घटनेचे कलम वाचून-लिहून दाखवावे लागेल किंवा ३०० डॉलरची मालमत्ता हवी, अशी अट आली. ज्यांना वाचू दिले नव्हते त्यांना आता वाचता येत नाही म्हणून बाहेर काढायचे, असा हा हिशेब. भिन्नवर्णीय विवाहावर बंदी घालायचा प्रस्ताव आला तेव्हा ५६ वर्षांचे स्मॉल्स उठले आणि त्यांनी उपसूचना मांडली, की कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्यालाही सरकारी पद मिळू नये आणि त्या संबंधातल्या मुलाला बापाचे आडनाव आणि वारसा मिळावा. सभागृहाची पंचाईत झाली आणि उपसूचना पडली. शाळांना मात्र टिलमन यांनाही हात लावता आला नाही. त्या वेगळ्या केल्या, कृष्णवर्णीयांच्या उपाशी ठेवल्या, पण बंद केल्या नाहीत. १८३४ परत आणता आले नाही.

मसुदा तयार झाल्यावर सह्यांची वेळ आली. स्मॉल्स यांनी सही करण्यास नकार दिला. त्या दस्तावर त्यांचे नाव नाही, आणि ती घटना असंख्य दुरुस्त्यांसह दक्षिण कॅरोलायनात आजही लागू आहे.