श्रीरामपूर, बेलापूर आणि दायमाबाद : लोकनकाशांवरील स्थलनामांचा विचार

जुन्या कागदांतील व्यक्तीची ओळख पटविणें जितकें अवघड, तितकेंच त्यांतील स्थळ निश्चित करणेंही अवघड असतें. तिथि, वार, शिक्का व हस्ताक्षर हीं सर्व जुळलीं आणि एक गांव चुकलें, तर लष्कराची कूच भलत्याच नदीकांठानें झालेली ठरते व वतनाचा तंटा भलत्याच परगण्यांत जातो. म्हणून संशोधक आजवर मोजणीखात्याचे नकाशे व जिल्ह्यांचीं गॅझेटियरें जवळ बाळगीत आले. आतां त्यांच्या जोडीस लोकांनीं मिळून तयार केलेले नकाशे आले आहेत. त्यांतील प्रमुख जो ओपनस्ट्रीटमॅप, तो इ. स. २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं सुरू केला. कोणाही माहितगार माणसास संगणकाच्या द्वारें त्यांत आपल्या गांवचा ओढा, देऊळ किंवा रस्ता नोंदतां येतो. अशा नकाशावर नांव कोणत्या नियमानें लिहावें, आणि तो नियम इतिहासाच्या उपयोगीं कितपत पडतो, याचा विचार मुख्यत्वें श्रीरामपूर तालुक्यांतील उदाहरणांवरून येथें करावयाचा आहे.

दौंड-मनमाड लोहमार्ग इ. स. १८७८ मध्यें खुला झाला. प्रवरेच्या कांठचें बेलापूर ही त्या टापूंतील जुनी बाजारपेठ. परंतु मार्ग गांवांतून न जातां कांहीं अंतरावरून गेला. स्थानकास बेलापूरचें नांव मिळालें, आणि स्थानकाभोवतीं जी वस्ती वाढली तिला बेलापूर रोड म्हणूं लागले. रेल्वेच्या परिभाषेंत अशा ‘रोड’चा अर्थ, अमुक गांवीं जाण्यासाठीं येथें उतरावें, एवढाच. पुढें प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस पिकूं लागला, भंडारदऱ्याचें धरण इ. स. १९२६ मध्यें पुरें झालें, हरिगांव येथें बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, आणि स्थानकाजवळची वस्ती मूळ गांवाहून मोठी झाली. तीच आजचें श्रीरामपूर होय. तालुक्यासही तेंच नांव मिळालें. स्थानकाच्या पाटीवर मात्र त्यानंतरही अनेक दशकें बेलापूर हेंच नांव राहिलें.

यांत घोटाळ्यास जागा किती आहे पहा. बेलापूर म्हटल्यानें नदीकांठचें गांव समजावें कीं स्थानक? गांव म्हणावें, तर बेलापूर बुद्रुक व बेलापूर खुर्द अशीं दोन आहेत. आणि ठाणे जिल्ह्यांत खाडीकांठीं, मराठे व पोर्तुगीज यांच्या संघर्षांत गाजलेल्या किल्ल्याचें बेलापूर आणखी निराळें. श्रीरामपुराचीही तीच कथा. विल्यम कॅरे याचें मराठी व्याकरण इ. स. १८०५ मध्यें श्रीरामपूर येथें छापलें गेलें, हें मराठी मुद्रणाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. तें श्रीरामपूर हुगळीच्या कांठचें. तेव्हां तें डेन्मार्कच्या अमलाखालीं होतें व इ. स. १८४५ मध्यें इंग्रजांस विकलें गेलें. कॅरेच्या काळीं नगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर या नांवाचें शहर अस्तित्वांतही नव्हतें. नकाशांत नुसतें नांव शोधून पहिल्या सांपडलेल्या ठिकाणावर बोट ठेवणारा अभ्यासक मराठी छापखान्याचा उगम प्रवरेच्या खोऱ्यांत नेऊन ठेवील!

लोकनकाशाच्या कर्त्यांनीं या अडचणीवर एक उत्तम योजना केली आहे. तेथें प्रत्येक वस्तूस नांवासाठीं एकच घर नसून अनेक घरें असतात: प्रचलित नांवाचें एक, निरनिराळ्या भाषांतील रूपांचीं निरनिराळीं, पर्यायी नांवाचें एक व जुन्या नांवाचें एक. या रीतीनें श्रीरामपूर शहराच्या नोंदींत ‘बेलापूर रोड’ हें जुन्या नांवाच्या घरांत बसतें. स्थानक ही स्वतंत्र वस्तु असल्यामुळें तिचें नांव तिच्यापाशींच राहतें. शहराचें नांव बदललें म्हणून तें आपोआप बदलावयाचें नाहीं. नांवांत वर्णन मिसळूं नये व नांवाचा संक्षेप करूं नये, असेही नियम आहेत. तेव्हां ‘बु.’ व ‘खु.’ न लिहितां बुद्रुक व खुर्द असें पूर्ण लिहावें. हे शब्द फारसीतील थोरला व धाकटा या अर्थांचे असले, तरी तें वर्णन नव्हे. तो नांवाचाच भाग आहे, व तो गाळल्यास दोन गांवें एक होतात.

भाषेचें घर स्वतंत्र असण्याचा लाभ मराठीस विशेष आहे. नेवासे, पुणतांबे, अकोले हीं मूळचीं एकारान्त नांवें. इंग्रजी दफ्तरांत तीं आकारान्त झालीं, आणि त्या रोमन रूपांवरून पुन्हा नागरींत उतरवितांना आपणच नेवासा व पुणतांबा लिहूं लागलों. अकोल्याचें तर वऱ्हाडांतील अकोल्याशीं कागदोपत्रीं ऐक्य झालें. नकाशांतील मराठी रूप रोमनावरून यंत्रानें उतरवून न घेतां गांवच्या लोकांच्या तोंडून घ्यावें, हें यावरून उघड होतें.

कोणतें नांव मुख्य, हा वाद निघाल्यास प्रत्यक्ष जागेवर काय आढळतें तें प्रमाण मानावें, असा या नकाशाचा मूलनियम आहे. प्रवाशाच्या दृष्टीनें तो योग्यच आहे. परंतु त्याचा विपरीत उपयोगही होतो. नवें नांव जाहीर होतांच उत्साही नोंदकार जुनें पुसून नवें लिहितो. खडकीचें फत्तेनगर, फत्तेनगरचें औरंगाबाद व इ. स. २०२३ मध्यें औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें, इ. स. २०२४ मध्यें अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. चांभारगोंद्याचें श्रीगोंदें तर फार पूर्वींच झालें. नवीं नांवें मुख्य घरांत लिहिलींच पाहिजेत. पण ‘मुक्काम चांभारगोंदें’ असें ज्या पत्रावर आहे, तें पत्र कोणत्याही शासननिर्णयानें बदलत नाहीं. जुनें नांव नोंदणें म्हणजे त्याचा पुरस्कार करणें नव्हे. तें नोंदलें नाहीं, तर पत्राचा वाचक मात्र निराधार होतो.

नुसत्या पाटीवर विसंबण्यांतील उणीव दायमाबादइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. हें स्थळ याच तालुक्यांत प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. ‘सदैव वसलेलें’ असा ज्याच्या नांवाचा अर्थ, तें गांव ओसाड आहे. इ. स. १९५८ मध्यें भा. पु. बोपर्डीकर यांनीं तेथील पुरातन वसाहत उजेडांत आणली, आणि इ. स. १९७४ मध्यें रथ, हत्ती, गेंडा व म्हैस यांच्या ब्राँझच्या प्रतिमा तेथें सांपडल्या. राहणारे लोक नाहींत म्हणून गांवांच्या यादींतून हें नांव गाळणारा नकाशा महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाचें एक दारच बंद करील. सुदैवानें वस्ती नसलेल्या, पण नांव असलेल्या जागांसाठींही लोकनकाशांत स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. त्याचा उपयोग मात्र नोंदकारानें केला पाहिजे.

आणखी एक गुण या नकाशांत आहे. कोणी, कोणत्या दिवशीं, काय बदललें हें त्यांत राखलें जातें. खाडाखोडीसह मूळ कागद जपण्यासारखेंच तें आहे. परंतु जें कधींच लिहिलें गेलें नाहीं, तें त्यांतून निघणार नाहीं. प्रत्येक गांवच्या शिवारांत पांढरीस, माळास, ओढ्यास व उतारास नांवें आहेत. सरकारी कागदावर त्यांच्या जागीं बहुधा गट क्रमांक उरतो. तीं नांवें सांगणारे वृद्ध हयात आहेत तोंवर, ज्याला ज्या गांवची माहिती आहे त्यानें त्या गांवचीं नांवें, जुनीं व नवीं, आपापल्या घरांत नोंदवावीं. पुढील पिढीचा संशोधक आपल्या काळचे कागद वाचावयास बसेल, तेव्हां त्याला हाच आधार असेल.