समुद्राचं शेवाळ पन्हाळ्यावर कधी पोचलं?

गडावर बसून समुद्राच्या शेवाळाबद्दल बोलायचं म्हणजे विषय फार लांबून आणल्यासारखा वाटेल. पण आज क्रीम, फेसवॉश, शाम्पू यांच्या वेष्टनांवर ‘सागरी शैवाल अर्क’ असं छापलेलं असतं, आणि कुणी ना कुणी लगेच म्हणतं, ‘हे तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं.’ इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण एवढंच विचारू: खरंच ठाऊक होतं का?

आधी वाटा पाहू. पन्हाळा समुद्रापासून तुटलेला कधीच नव्हता. आंबा, अणस्कुरा अशा घाटांनी कोकणातलं मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. १६६० च्या वेढ्यात तर राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफ आणि दारूगोळा घेऊन इथवर आला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरच्या वखारीचा समाचार घेतला. म्हणजे बंदरावरचा माल आणि माणसं दोन्ही गडापर्यंत पोचत होती.

मग शेवाळच का आलं नसावं? कारण घाट चढवून आणावं असं त्याचं काम नव्हतं. अंग-केस धुवायला शिकेकाई आणि रिठा, उटण्याला हळद आणि डाळीचं पीठ, हिवाळ्यात तेल आणि साय, एवढ्यात भागत होतं.

यावर एक आक्षेप येतो: ‘आयुर्वेदात शैवाल आहे की!’ आहे. थंड, दाह शमवणारं म्हणून त्याचा लेपात उल्लेख येतो. पण ते गोड्या पाण्यातलं, तळ्यात वाढणारं. इथल्या सोमेश्वर तळ्याचं पाणी आणि राजापूरच्या खाडीचं पाणी जेवढं वेगळं, तेवढ्याच या वनस्पती वेगळ्या. नाव एक असलं की वस्तू एकच, असं समजून चालत नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

समुद्री शेवाळ आपल्या त्वचेपर्यंत आलं ते रसायनशास्त्राच्या वाटेने, आणि गंमत अशी की त्यातही दारूगोळा आहेच. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत होता. त्यासाठी तो समुद्री शेवाळाची राख वापरायचा. त्या राखेवर आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ निघाली. तेच आयोडीन. पुढे ते चिलीतल्या खनिजांतूनही मिळू लागलं, पण आपल्या लहानपणी खरचटलेल्या गुडघ्यावर झोंबणारं जे टिंक्चर लावायचे, त्याचं मूळ असं शेवाळात आहे.

१८८० च्या दशकात एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तपकिरी शेवाळातून अल्जिन वेगळं केलं. पाणी धरून ठेवायचं आणि मिश्रण दाट करायचं, हे त्याचं काम. लाल शेवाळातलं कॅराजिनन टूथपेस्ट एकजीव ठेवतं. म्हणजे वेष्टनावर ‘शैवाल’ हा शब्द मिरवू लागण्याच्या कितीतरी आधी ते गुपचूप डब्यात शिरलेलं होतं. ओलावा टिकवणं, दाटपणा देणं हे त्याचे पक्के गुण. ‘तारुण्य परत आणतो’ हा मात्र जाहिरातीचा दावा, पुराव्यापेक्षा फार मोठा.

आणि आपला किनारा? मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांची शिस्तशीर नोंद डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ बर्गेसेन याने १९२० आणि ३० च्या दशकांत केली. भावनगरला १९५४ मध्ये मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संस्था निघाली, गोव्यात १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. कॅराजिननसाठी कप्पाफायकस हे परकं शेवाळ भारतात आणलं गेलं. तमिळनाडूत त्याची व्यापारी शेती उभी राहिली, किनाऱ्यावरच्या बायांना रोजगार मिळाला. पण २००८ मध्ये तेच शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळावर पसरल्याची नोंदही झाली.

म्हणून हा काळाचा हिशेब नीट लावायचा. ‘प्राचीन’ म्हटलं की तपासणी थांबते. प्राचीन असेल तर निर्धोकच असणार, असं आपण धरून चालतो. उद्या कोकणच्या खाड्यांत शेवाळाची शेती वाढली, तर जात कुठली, पसरली तर आवरणार कोण, आणि कंबरभर पाण्यात उभं राहणाऱ्या बाईच्या हातात किलोमागे किती पडणार, हे आपल्याला विचारावं लागेल. ही वस्तू आपल्याकडे नवी आहे हे मान्य केलं, तरच हे प्रश्न सुचतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.