रद्द विमानफेरी आणि क्रेडिट कार्डाचे संरक्षण

विमान कंपनीने फेरी रद्द केल्यास भाडे परत करण्याची जबाबदारी कंपनीची असते. पैसे क्रेडिट कार्डाने भरले, म्हणून बँक उत्तरदायी ठरत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचे कलम ७५ शंभर पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड देणाऱ्या संस्थेलाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते. भारतात असा कायदा नाही. येथील ‘चार्जबॅक’ हा व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड कंपन्यांच्या नियमांतील उपाय असून मुदतीत बँकेकडे हरकत नोंदवली तरच तो उपयोगी पडतो.

‘गो फर्स्ट’ने ३ मे २०२३ पासून उड्डाणे थांबवली, तेव्हा हा फरक ठळक झाला. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्याने प्रवाशांना धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला.

प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केल्यास नियम वेगळे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ मधील सुधारित नियमांनुसार रद्दीकरण शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक आकारता येत नाही, परताव्याच्या प्रक्रियेसाठी वेगळे शुल्क घेता येत नाही. ‘विनापरतावा’ तिकिटावरील सरकारी कर आणि विमानतळ शुल्कही परत मिळते. बहुतेक प्रवासी ते मागतच नाहीत.

जबलपूरच्या डुमना विमानतळावरील फेरी रद्द झाली, तर दीक्षितपुऱ्यातील प्रवाशाला दाद मागण्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जाण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. तिकीट, फेरी रद्द झाल्याचा संदेश आणि कार्डाचे विवरणपत्र सोबत जोडावे.