जुनी स्पोर्ट्स कार : किंमत उतरते, देखभालीचा खर्च उतरत नाही

सचिन तेंडुलकर यांनी २००२ साली पोर्ट ऑफ स्पेन येथील सामन्यात सर डोनाल्ड ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. या विक्रमानिमित्त फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मॉडेना ही मोटार भेट दिली. सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते तिच्या चाव्या त्यांना देण्यात आल्या. गाडी भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांच्या सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहिला. केंद्र सरकारने दिलेली शुल्कमाफी वादग्रस्त ठरली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. २०११ साली तेंडुलकर यांनी ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

देशातील सर्वाधिक चर्चा झालेली ही जुनी स्पोर्ट्स कार म्हणता येईल. अशा गाड्या आता मुंबई-पुण्याच्या जुन्या मोटारींच्या बाजारात नव्या गाडीच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीला मिळतात. मात्र गाडीची किंमत वयाबरोबर घटली तरी तिचे सुटे भाग आणि कारागिराची मजुरी नव्या गाडीच्याच दराने मोजावी लागते. खरेदीपूर्वी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

कमी धावलेली गाडी नेहमीच चांगली नसते

३६० मॉडेनाचे उत्पादन १९९९ ते २००५ या काळात झाले. तिचे ३.६ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८५०० फेऱ्यांवर ४०० अश्वशक्ती देते. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट साधारण दर ३ वर्षांनी बदलावा लागतो, मग गाडी धावलेली असो वा नसो. बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात व इंजिन निकामी होते. म्हणूनच दहा वर्षांत जेमतेम काही हजार किलोमीटर धावलेली, पण बेल्ट न बदललेली गाडी ही नियमित वापरातल्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची ठरते. फेरारीने २००४ मधील एफ-४३० पासून या जागी साखळी वापरली. त्यामुळे त्या गाड्यांमध्ये हा खर्च उरला नाही.

स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय असलेल्या ३६० मध्ये क्लच हा दुसरा मोठा खर्च आहे. गर्दीत सतत थांबत-सरकत चालवल्याने तो लवकर झिजतो. किती झीज झाली हे संगणकीय तपासणीत समजते. त्या तपासणीचा अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

पोर्श ९११ च्या १९९७ नंतरच्या ९९६ मालिकेतील सर्वसाधारण मॉडेलांत इंजिनातील मधल्या शाफ्टचे एक छोटे बेअरिंग दुबळे असल्याचे पुढे आढळले. ते तुटले तर संपूर्ण इंजिन गमवावे लागते. त्याच मालिकेतील टर्बो आणि जीटी-३ या गाड्यांचे इंजिन वेगळ्या रचनेचे असल्याने त्यांत हा दोष नाही. यावरून केवळ नाममुद्रेवर न जाता त्या विशिष्ट इंजिनाची माहिती घेणे किती महत्त्वाचे आहे, हे दिसून येते.

टायरच्या बाजूवरील चार आकडी खूणही पाहावी. ३५१९ असे लिहिले असल्यास तो टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि वेगात पकड सोडते.

कागदपत्रे आणि कर

परदेशातून आणलेल्या गाडीची सीमाशुल्काची कागदपत्रे तिच्या चासी क्रमांकाशी ताडून पाहावीत. परदेशी मुत्सद्द्यांच्या नावे शुल्कमाफीने आणलेल्या आलिशान गाड्या इतरांकडे वळवल्याचे प्रकरण महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२१ साली उघडकीस आणले होते. अशी गाडी जप्त होऊ शकते आणि खरेदीदाराचे पैसे अडकून पडतात.

गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा वाहनकर यांची तरतूद करावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण अनिवार्य असून ते दर ५ वर्षांनी करावे लागते. आयात मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या आयात मोटारीसाठी ते ८० हजार रुपये आहे.

विम्याच्या बाबतीत, पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. सर्वसाधारण पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांच्या भरपाईतून ५० टक्के घसारा वजा होतो. महागड्या भागांच्या बाबतीत ही वजावट मोठी ठरते.

एका प्रवासाचा हिशेब

समजा, एखाद्या मुंबईकराने अशा गाडीने काशीयात्रा करण्याचे ठरवले. मुंबई ते वाराणसी हे अंतर सुमारे १५०० किलोमीटर आहे. लिटरला ५ किलोमीटर या हिशेबाने जाण्या-येण्यास ६०० लिटर पेट्रोल लागेल. दर १०० रुपये धरला तरी ६० हजार रुपये केवळ इंधनाचे होतात. ३६० मॉडेनाची टाकी ९५ लिटरची असल्याने एका दिशेला किमान तीनदा वाटेत पेट्रोल भरावे लागेल. आता देशभर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी इतक्या जुन्या गाड्यांचे रबरी नळ आणि सील बनवलेले नसल्याने त्यांचीही तपासणी करून घ्यावी लागते.

वाटेतील गतिरोधक हा स्वतंत्र प्रश्न आहे, कारण अशा गाडीचा तळ जमिनीपासून काही इंचच उंच असतो. शेवटी मैदागिन किंवा गोदौलिया परिसरात गाडी ठेवून मणिकर्णिका घाटापर्यंतच्या गल्ल्या पायीच ओलांडाव्या लागतात.

खरेदीपूर्वी

आधीच्या सर्व सर्व्हिसच्या पावत्या पाहाव्यात. त्या मॉडेलची माहिती असलेल्या स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी आणि आपल्या शहरात तिची दुरुस्ती होते का, याची खात्री करावी. फेरारीची भारतातील अधिकृत विक्री २०११ साली सुरू झाली. त्याआधी आलेल्या गाड्यांची अनेक वर्षांची देखभाल अधिकृत केंद्राविना झालेली असते, म्हणून त्यांच्या पावत्यांना विशेष महत्त्व आहे.

खरेदीसाठी जमवलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतीतच खर्च करू नये. बेल्ट, क्लच, टायर आणि ब्रेक एकाच वर्षी बदलावे लागले तरी पुरेल इतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी स्वस्तात मिळत असली तरी आपल्याला परवडणारी नाही, असे समजावे.