१९३९ चा रुपया : अस्सलता, श्रेणी व मूल्य

सहाव्या जॉर्जच्या नावाचा १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्याने १९३८ च्या अस्सल रुपयावरील शेवटचा अंक बदलून त्याची बनावट केली जाते. दोहोंचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी ९१.७ टक्के असल्यामुळे येथे तराजू आणि कस निरुपयोगी ठरतात. चांदी निम्म्यावर आली ती १९४० मध्ये. म्हणून अंकाची घडण व त्याभोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली तपासणे अपरिहार्य होय. श्रेणी देऊन पेटीबंद केलेले नाणे ग्राहकास निर्धास्त करते. परंतु पेटीही बनावट असू शकते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली ७० गुणांची श्रेणी मुळात जुन्या अमेरिकी सेंटच्या किमतीशी निगडित होती. तो संबंध पुढे तुटला, अंक तेवढे उरले. ते नाण्याची झीज सांगतात. किंमत समान श्रेणीच्या नाण्यांच्या अलीकडील लिलावांवरूनच पडताळावी लागते.